वाटेची शिदोरी : अखेरच्या आजाराकडे पाहण्याची ख्रिस्ती दृष्टी

आमच्या वार्षिक अहवालात दरवर्षी खाटांची संख्या, बाह्यरुग्ण, शस्त्रक्रिया, प्रयोगशाळेतील तपासण्या आणि जमाखर्च यांचे तक्ते दिले जातात. यंदाचे तक्तेही पुढील पानांवर आहेत. अंतर्रुग्णांच्या तक्त्यात 'बरे होऊन घरी गेले', 'प्रकृतीत सुधारणा', 'अन्यत्र पाठविले', 'सल्ल्याविरुद्ध घरी नेले' आणि 'मृत्यू' असे रकाने असतात. पहिल्या दोन रकान्यांतील आकडे वाढले की आम्हां सर्वांस समाधान वाटते. शेवटच्या दोन रकान्यांविषयी मात्र कोणत्याही रुग्णालयाच्या अहवालात सहसा एक वाक्यही लिहिलेले आढळत नाही. वस्तुतः आमच्या दारी येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचा कधी ना कधी त्या रकान्यांशी संबंध येतोच.

"आता बरे होण्याची आशा नाही," असे डॉक्टरांनी सांगितल्यानंतर नातेवाईक जिना उतरून बहुधा प्रथम कार्यालयात येतात. त्यांचा पहिला प्रश्न खर्चाचा असतो. अतिदक्षता विभागातील एका दिवसाचे किती, अनामत रक्कम अजून किती भरावी लागेल, हे ते विचारतात. दुसरा प्रश्न आवाज खाली आणून विचारला जातो : "आम्ही आता थांबलो, तर आम्हीच त्यांना मारले असे होईल का?" आणि तिसरा प्रश्न : "त्यांना हे सांगायचे का?" यांपैकी फक्त पहिल्याचे उत्तर हिशेबाच्या वहीत सापडते. उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे शोधताना अनेक कुटुंबे कर्ज काढतात, जमीन गहाण टाकतात आणि अखेर पैसा संपल्यावर 'सल्ल्याविरुद्ध' कागदावर सही करून रुग्णाला घरी नेतात. त्या वेळी त्या रुग्णासोबत वेदनाशामक औषधाची एक बाटलीही नसते.

या प्रश्नांचा विचार सर्वच धर्मपरंपरांनी केलेला आहे. आमचे रुग्णालय सर्वधर्मीयांसाठी असून कोणत्याही धर्माचा प्रचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. तरीही यंदा ख्रिस्ती परंपरेचा परिचय करून द्यावा असे आम्हांस वाटले, कारण मरणोन्मुख रुग्णांची शुश्रूषा करणारी 'हॉस्पिस' नावाची आधुनिक संस्था याच परंपरेतून उभी राहिली. तिची मूळ कल्पना समजली, तर आमच्यासारख्या रुग्णालयाने काय करावे हेही समजण्यास मदत होईल.

'ख्रिस्तवासी' या शब्दामागील श्रद्धा

दिवंगत व्यक्तीच्या नावामागे कैलासवासी, वैकुंठवासी, पैगंबरवासी असे शब्द लावण्याची मराठीत रीत आहे. मराठी ख्रिस्ती कुटुंबांत 'ख्रिस्तवासी' हा शब्द वापरला जातो. मरण पावलेली व्यक्ती नाहीशी झाली नसून ख्रिस्ताच्या सहवासात राहावयास गेली, असा त्याचा आशय आहे. दफनभूमीसाठी युरोपीय भाषांत जो शब्द रूढ झाला, त्याचे मूळ 'झोपण्याची जागा' या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे. झोपलेला माणूस उठणार आहे, ही पुनरुत्थानाची श्रद्धा त्या नावात सामावलेली आहे. २ नोव्हेंबर रोजी, मृतांच्या स्मरणदिनी, वसई, मुंबई आणि गोवा येथील कॅथलिक कुटुंबे कबरी स्वच्छ करून फुले वाहतात आणि मेणबत्त्या लावतात. त्यामागेही हीच भावना असते.

तथापि या श्रद्धेमुळे ख्रिस्ती माणसाला मृत्यूची भीती वाटत नाही, किंवा वाटू नये, असा समज करून घेणे योग्य होणार नाही. प्रेषित पौलाने मृत्यूला मित्र म्हटलेले नाही. तो त्यास शेवटचा शत्रू मानतो. शत्रूचा अखेर पराभव होणार आहे, एवढेच त्याचे आश्वासन आहे. मृत्यू ही सुंदर गोष्ट आहे असे रुग्णाला सांगण्याची, किंवा रडणाऱ्या नातेवाइकाला गप्प करण्याची, ही परंपरा कोणालाही मुभा देत नाही. मित्राच्या कबरीपाशी स्वतः येशूने अश्रू ढाळल्याची नोंद शुभवर्तमानात आहे.

धैर्य म्हणजे भीतीचा अभाव नव्हे

येशूच्या मरणाचे जे वर्णन शुभवर्तमानांत आले आहे, ते या दृष्टीने लक्षपूर्वक वाचण्यासारखे आहे. पकडले जाण्यापूर्वीच्या रात्री गेथशेमाने बागेत तो व्याकूळ होतो आणि हा दुःखाचा प्याला टळावा अशी प्रार्थना करतो. तीन जवळच्या शिष्यांना तो आपल्यासोबत जागे राहण्याची विनंती करतो, पण ते झोपी जातात. क्रुसावर असताना देवाने आपल्याला का सोडले, असा आक्रोशही त्याच्या मुखातून बाहेर पडतो. त्याच वेळी तो मारेकऱ्यांना क्षमा करतो, आपल्या आईची जबाबदारी एका शिष्यावर सोपवितो आणि अखेर आपला आत्मा पित्याच्या हाती देतो.

भीती, सोबतीची मागणी, तक्रार, क्षमा, मागे राहणाऱ्यांची व्यवस्था आणि समर्पण हे सारे एकाच मरणात एकत्र आले आहे. ख्रिस्ती परंपरेत 'चांगले मरण' म्हणताना हेच उदाहरण डोळ्यांपुढे असते. म्हणूनच भ्यालेला किंवा रागावलेला रुग्ण श्रद्धेत कमी पडला, असा निष्कर्ष तेथे काढता येत नाही.

मराठी ख्रिस्ती लिखाणात 'कृपा' हा शब्द वारंवार येतो. कृपा म्हणजे मिळविलेले बक्षीस नव्हे. जे आपल्या कर्तबगारीने मिळत नाही आणि देणाऱ्याच्या प्रेमाने मिळते, ते कृपा होय. शांतपणे मरण स्वीकारणे ही जर कृपा असेल, तर ती रुग्णाने उत्तीर्ण व्हावयाची परीक्षा ठरत नाही. ती त्याला मिळावी लागते, आणि बहुतेक वेळा ती कोणाच्या तरी हातून मिळते : दर चार तासांनी औषध देणाऱ्या परिचारिकेच्या, कूस बदलून देणाऱ्या आयाबाईंच्या, रात्री उशाशी बसलेल्या मुलाच्या. या लेखात आम्हांस जे सांगावयाचे आहे, त्याचा गाभा हाच आहे.

फ्रान्समधील लिझ्यू येथील मठातील तरुण जोगीण तेरेझा ३० सप्टेंबर १८९७ रोजी वयाच्या अवघ्या २४ व्या वर्षी क्षयाने मरण पावली. १९२५ मध्ये तिला संतपद देण्यात आले, आणि बाळ येशूची संत तेरेझा म्हणून ती आपल्याकडील कॅथलिक घरांतही परिचित आहे. तिच्या अखेरच्या महिन्यांच्या नोंदी तिच्या बहिणींनी लिहून ठेवल्या आहेत. तिला मॉर्फिन देण्यात आले नव्हते. असह्य यातना होत असलेल्या रुग्णाजवळ विषारी औषधे ठेवू नयेत, कारण त्या अवस्थेत माणूस स्वतःचे बरेवाईट करून घेऊ शकतो, असा इशारा तिने भोवतालच्या मंडळींना दिला होता. जिची श्रद्धा पुढे जगाने आदर्श मानली, तिने दिलेली ही साक्ष आहे. श्रद्धा असली की वेदनाशामकांची गरज उरत नाही, असे म्हणणाऱ्यांनी ती अवश्य लक्षात घ्यावी.

मरणकलेची पुस्तिका

चौदाव्या शतकाच्या मध्यास युरोपात प्लेगच्या महाभयंकर साथीने गावेच्या गावे ओस पडली. त्यानंतरच्या काळात मरणशय्येशी धर्मगुरू येऊ शकेलच याची शाश्वती नव्हती. पंधराव्या शतकात 'आर्स मोरिएन्दी', म्हणजे 'मरण्याची कला', या नावाची लॅटिन पुस्तिका तयार झाली. तिची संक्षिप्त आवृत्ती लाकडी ठशांच्या ११ चित्रांसह प्रसिद्ध झाली आणि अनेक भाषांत पोहोचली. ज्यांना वाचता येत नसे, त्यांना चित्रांवरून आशय समजत असे.

मरणोन्मुख माणसाला पाच गोष्टी छळतात, असे या पुस्तिकेत म्हटले आहे : श्रद्धा डळमळणे, निराशा, दुखण्यामुळे येणारा उतावीळपणा व चिडचिड, आपल्या पुण्याईचा गर्व, आणि धन व आप्त यांचा न सुटणारा मोह. प्रत्येक छळाच्या चित्रापाठोपाठ धीर देणारे एक चित्र येते. रुग्णाच्या शेजारी बसणाऱ्याने काय विचारावे आणि कोणत्या प्रार्थना म्हणाव्या, याचेही मार्गदर्शन तेथे आहे. ही पुस्तिका मरणाऱ्याइतकीच सोबत करणाऱ्यासाठीही होती, आणि सोबत करणारा सामान्य गृहस्थ असला तरी चालत असे.

पुढे प्रॉटेस्टंट पंथाचे प्रवर्तक मार्टिन ल्यूथर यांनी १५१९ मध्ये मरणाच्या तयारीवर एक प्रवचन लिहिले. व्यवहार सांभाळणाऱ्या आमच्यासारख्यांना त्याचा आरंभ विशेष भावतो. प्रथम आपल्या मालमत्तेची स्पष्ट व्यवस्था लावावी, म्हणजे मागे आप्तांत भांडणे राहणार नाहीत, असे ते सांगतात. त्यानंतर ज्यांनी आपल्याला दुखविले त्यांना क्षमा करावी आणि ज्यांना आपण दुखविले त्यांची क्षमा मागावी. हे झाल्यावर मृत्यूकडे टक लावून न पाहता ख्रिस्ताकडे पाहावे. इंग्लंडमधील धर्मगुरू जेरेमी टेलर यांनी १६५१ मध्ये याच विषयावर ग्रंथ लिहिला. मरणाची तयारी शेवटच्या आजारात सुरू करून भागत नाही, ती धडधाकट असतानाच करावयाची असते, हा त्यांचा आग्रह होता. मृत्युपत्र करण्याचे टाळणाऱ्या कुटुंबांची पुढे होणारी ओढाताण ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या आग्रहातील व्यवहारज्ञान पटेल.

तेल आणि शिदोरी

मंडळीतील कोणी आजारी असेल, तर वडीलजनांना बोलवावे आणि त्यांनी प्रार्थना करून त्याला तेल लावावे, अशी सूचना नव्या करारातील याकोबाच्या पत्रात आहे. कॅथलिक पंथात यालाच संस्काराचे रूप आले. कालांतराने हा संस्कार केवळ अखेरच्या घटकेला देण्याची पद्धत पडली. परिणामी धर्मगुरू घरात आले म्हणजे आता सर्व संपले, असे समजून कुटुंबे त्यांना बोलाविण्याचे लांबवू लागली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये हा गैरसमज दूर करण्याचे ठरविले. हा आजाऱ्यांचा संस्कार आहे, केवळ मरणासन्नांचा नव्हे, असे स्पष्ट करण्यात आले आणि १९७२ मध्ये त्याचा सुधारित विधी आला. आज गंभीर आजारात, मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी किंवा वार्धक्यात तो घेता येतो, आणि आजार बळावल्यास पुन्हाही घेता येतो.

मरणोन्मुख व्यक्तीसाठी जो खास विधी आहे, तो म्हणजे अखेरचा ख्रिस्तप्रसाद. त्याचे लॅटिन नाव 'व्हिआतिकुम', अर्थात प्रवासाची तरतूद. आपल्या भाषेत त्यास वाटेची शिदोरी म्हणता येईल. पंढरीच्या वाटेवर किंवा परगावी निघताना घरातील माणूस जशी भाकरी बांधून देते, तसाच हा निरोप आहे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत तेलाचा विधी सर्वत्र नसला, तरी पाळकांची भेट, शास्त्रवाचन, प्रार्थना, प्रभुभोजन आणि गीतगायन यांतून हीच सोबत घडते.

रुग्णालयाच्या दृष्टीने यातील धडा साधा आहे. धर्मगुरू, पाळक, भटजी, मौलवी वा कीर्तनकार, रुग्णाला ज्यांचा आधार वाटतो त्यांना शेवटच्या तासात नव्हे, तर रुग्ण बोलू व ऐकू शकतो तोवर बोलवावे.

एका खिडकीची देणगी

यात्रेकरू आणि आजारी प्रवासी यांना आसरा देणाऱ्या मध्ययुगीन धर्मशाळांना 'हॉस्पिस' म्हणत. पाहुणा आणि यजमान या दोन्ही अर्थांच्या लॅटिन शब्दापासून हे नाव आले. मरणोन्मुख गरिबांच्या सेवेसाठी फ्रान्समधील ल्योन येथे जान गार्निए या विधवेने १८४२ मध्ये स्त्रियांची संघटना उभारली. आयर्लंडच्या धर्मभगिनींनी १८७९ मध्ये डब्लिन येथे आणि १९०५ मध्ये पूर्व लंडनमधील हॅकनी येथे अशी शुश्रूषागृहे काढली.

या सेवेला शास्त्रशुद्ध रूप दिले ते सिसली साँडर्स यांनी. त्या प्रथम परिचारिका होत्या. पाठदुखीमुळे ते काम सोडावे लागल्यावर त्या रुग्णालयात समाजसेविका झाल्या. लंडनच्या एका वॉर्डात त्यांना वॉर्साहून आलेला डेव्हिड टास्मा हा ज्यू निर्वासित भेटला. कर्करोगाने आजारी असलेल्या या माणसाचे लंडनमध्ये जवळचे असे कोणी नव्हते. त्याच्यासारख्यांसाठी कसे घर असावे, याविषयी दोघांचे बोलणे होत असे. १९४८ मध्ये मरताना त्याने साँडर्स यांच्या नावे ५०० पौंड ठेवले आणि त्यांच्या भावी वास्तूत आपण एक खिडकी होऊन राहू, अशा अर्थाची इच्छा व्यक्त केली.

वास्तू उभी राहण्यास त्यानंतर १९ वर्षे लागली. मरणोन्मुखांना डॉक्टरच टाळतात, म्हणून डॉक्टर होऊनच काही करता येईल, हे ऐकून साँडर्स यांनी तिशी उलटल्यावर वैद्यकीय शिक्षण सुरू केले आणि १९५७ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. हॅकनी येथील शुश्रूषागृहात त्यांनी शेकडो रुग्णांच्या नोंदी ठेवल्या. वेदना असह्य झाल्यावर औषध देण्याऐवजी ती परत येण्यापूर्वीच, घड्याळाप्रमाणे, तोंडाने मॉर्फिन दिले, तर रुग्णाची शुद्ध राहते आणि वेदनाही आटोक्यात येते, हे त्यांनी दाखवून दिले. वेदना केवळ शरीराची नसते. मनाची, कुटुंबाच्या काळजीची आणि 'माझ्याच वाट्याला हे का' या प्रश्नाची वेदनाही तिच्यात मिसळलेली असते, असे त्या सांगत आणि या सर्वांस मिळून 'संपूर्ण वेदना' म्हणत. जुलै १९६७ मध्ये लंडनच्या सिडनॅम भागात सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू झाले. त्याचा पाया ख्रिस्ती होता, दार मात्र सर्वांना उघडे होते. गेथशेमाने बागेत येशूने केलेली जागे राहण्याची विनंती हे साँडर्स यांच्या कार्याचे बोधवाक्यच होते. सारे काही समजले नाही, सारे काही दूर करता आले नाही, तरी तेथे उपस्थित राहणे आपल्या हाती असते, असा तिचा अर्थ त्या लावीत. १४ जुलै २००५ रोजी याच हॉस्पिसमध्ये त्यांचे निधन झाले.

एका ख्रिस्ती डॉक्टरच्या कार्याची पहिली देणगी एका ज्यू रुग्णाने दिली, आणि तीही आपल्या मरणानंतरच उपयोगी पडेल हे ठाऊक असताना दिली, ही गोष्ट आमच्या देणगीदारांना सांगावीशी वाटते.

भारतातील कार्य आणि अडचणी

भारतातील पहिले हॉस्पिस १९८६ मध्ये मुंबईत वांद्रे येथे सुरू झाले. टाटा स्मारक रुग्णालयातील शल्यविशारद डॉ. लुईस जोसे डिसोझा यांनी स्थापन केलेल्या या संस्थेचे नाव 'शांती अवेदना सदन' असे आहे. शांती आणि अवेदना या दोन शब्दांत त्या कार्याचे सार आले आहे. कर्करोगाच्या अंतिम अवस्थेतील रुग्णांची तेथे जातिधर्म न पाहता विनामूल्य शुश्रूषा केली जाते. पुढे गोवा आणि दिल्ली येथेही त्यांचे केंद्र सुरू झाले. १९९३ मध्ये केरळमधील कालिकत येथे डॉ. एम. आर. राजगोपाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन वेदनाशमन करणारी चळवळ उभारली, तर १९९७ पासून पुण्यात वारजे येथे सिप्लाचे परिहार सेवा केंद्र कार्यरत आहे.

केवळ सद्भावना मात्र पुरेशी पडत नाही. मदर तेरेसा यांनी १९५२ मध्ये कोलकात्यातील कालीघाट येथे 'निर्मल हृदय' सुरू केले. रस्त्यावर पडलेल्या असंख्य निराधारांना त्यामुळे अखेरच्या घटकेला छप्पर आणि मायेचा हात मिळाला. तथापि १९९४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाचे तत्कालीन संपादक रॉबिन फॉक्स यांनी तेथील भेटीनंतर प्रभावी वेदनाशामकांच्या अभावाकडे लक्ष वेधले. साँडर्स यांच्या कार्याचे मर्म हेच होते की सोबत आणि औषध या दोहोंची गरज आहे, आणि एक दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

औषध मिळण्यात कायद्याचीही अडचण होती. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील कठोर शिक्षा आणि परवान्यांची गुंतागुंत यांमुळे देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर अतिशय घटला. अफूचे कायदेशीर पीक घेणाऱ्या आपल्या देशातच कर्करुग्ण मॉर्फिनवाचून तळमळत राहिले. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन अत्यावश्यक वेदनाशामकांसाठी देशभर एकसारखे, सुलभ नियम करण्याचा मार्ग मोकळा झाला. आता मुख्य गरज प्रशिक्षित डॉक्टर व परिचारिकांची, तसेच रुग्णालयांच्या इच्छाशक्तीची आहे.

उपचार कोठवर?

आता कार्यालयात खालच्या आवाजात विचारल्या जाणाऱ्या त्या प्रश्नाकडे वळू. ख्रिस्ती धर्म जीवनाला देवाची देणगी मानतो. म्हणून हेतुपुरस्सर प्राण घेणे, मग ते दयेपोटी का असेना, कॅथलिक शिकवणीस मान्य नाही. परंतु प्रत्येक उपलब्ध यंत्र वापरून मरण लांबविलेच पाहिजे, असेही ती शिकवण सांगत नाही. पोप पायस बारावे यांनी १९५७ मध्ये डॉक्टरांपुढे केलेल्या दोन भाषणांत याचा खुलासा केला. रुग्णावर वा कुटुंबावर असाधारण बोजा टाकणारे उपाय करण्याचे बंधन नाही. तसेच वेदनाशमन हाच हेतू असेल, तर औषधाने आयुष्य किंचित कमी होण्याचा संभव असला तरी ते देण्यास प्रत्यवाय नाही. पोप फ्रान्सिस यांनीही नोव्हेंबर २०१७ मधील एका संदेशात, प्रमाणाबाहेरचे उपचार थांबविणे आणि प्राण घेणे या भिन्न गोष्टी आहेत, असे स्पष्ट केले.

पोप जॉन पॉल दुसरे यांचे उदाहरण यादृष्टीने बोलके आहे. कंपवाताने जर्जर असताना २००५ च्या फेब्रुवारीत रुग्णालयात त्यांच्या श्वासनलिकेवर शस्त्रक्रिया झाली. उपयोग होण्याची आशा होती, तोवर त्यांनी उपचार घेतले. मार्चअखेर तीव्र जंतुसंसर्ग झाल्यावर मात्र त्यांना पुन्हा रुग्णालयात नेले नाही. स्वतःच्या खोलीत, संस्कार घेऊन, प्रार्थना ऐकत २ एप्रिल २००५ रोजी त्यांनी देह ठेवला.

आपल्या देशातील कायदाही आता बराच स्पष्ट आहे. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा अधिकार हा जगण्याच्या अधिकाराचाच भाग असल्याचे मान्य केले आणि शुद्धीत असताना आगाऊ वैद्यकीय इच्छापत्र करून ठेवण्यास मान्यता दिली. २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची प्रक्रिया सुलभ करण्यात आली. दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरी वा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन केले की असे इच्छापत्र करता येते. बरे होण्याची आशा नसलेल्या रुग्णाचे जीवनरक्षक उपचार थांबविण्याचा निर्णय डॉक्टरांच्या दोन मंडळांच्या संमतीने घेतला जातो, आणि इच्छापत्र नसल्यास आप्तांच्या संमतीने हाच मार्ग अवलंबिता येतो. इंजेक्शन देऊन मरण घडविणे आजही बेकायदा आहे. तेव्हा "आम्ही मारले असे होईल का?" या प्रश्नाला आमचे नम्र उत्तर असे : योग्य रीतीने, डॉक्टरांच्या सल्ल्याने, निष्फळ उपचार थांबविले तर रुग्ण आजाराने जातो, आपल्या निर्णयाने नव्हे. उपचार थांबले तरी शुश्रूषा मात्र थांबता कामा नये.

कुटुंबीयांसाठी थोडेसे

रुग्णाला दुखते आहे काय हे दररोज विचारावे आणि डॉक्टरांना सांगावे. वैद्यकीय देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फिनने व्यसन लागेल, ही भीती सहसा अनाठायी असते. अखेरच्या दिवसांत भूक मंदावणे स्वाभाविक आहे. बळेच भरविल्यास ठसका लागून त्रास वाढतो, म्हणून ओठ ओलसर ठेवणे आणि घोटभर पाणी देणे पुरे. सत्य सांगण्याबाबत रुग्णाच्या कलाने घ्यावे. तो विचारीत असेल तर खोटे बोलू नये, विचारीत नसेल तर लादू नये. रुग्णाला बहुधा कळलेले असते, आणि सर्वांनी मिळून केलेल्या लपवालपवीत तो एकटा पडतो. ज्यांच्याशी अबोला आहे, त्यांना भेटीस बोलवावे. काही बोलणे सुचले नाही तरी हात हातात घेऊन बसावे.

विश्वस्त व देणगीदारांस विनंती

आपल्या रुग्णालयात अशा रुग्णांसाठी चार खाटा राखून ठेवाव्यात, दोन परिचारिकांना परिहार सेवेचे प्रशिक्षण द्यावे आणि मॉर्फिन ठेवण्यासाठी आवश्यक मान्यता घ्यावी, असा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे ठेवण्यात आला आहे. या खाटांमुळे 'बरे होऊन घरी गेले' या रकान्यात एकाचीही भर पडणार नाही, हे वाणिज्य शाखेचे शिक्षण घेतलेल्या आम्हांस चांगले ठाऊक आहे. त्यांतून उत्पन्नही मिळणार नाही. 'सल्ल्याविरुद्ध घरी नेले' या रकान्यातील काही कुटुंबांना मात्र कर्ज न काढता आपल्या माणसाजवळ बसता येईल. घरी जाऊ इच्छिणाऱ्या रुग्णाला औषध, लेखी सूचना आणि रात्री-अपरात्री दूरध्वनी करता येईल असा क्रमांक देऊन पाठविता येईल.

शिदोरी बांधून देणारा माणूस प्रवाशासोबत जाऊ शकत नाही, तरीही तो ती बांधून देतो. आपल्या वडिलांच्या, आईच्या वा अन्य आप्तांच्या स्मरणार्थ ज्यांना या कार्यास साहाय्य करावयाचे असेल, त्यांनी कार्यालयात समक्ष येऊन प्रस्तावाचा तपशील व खर्चाचा अंदाज पाहावा, ही विनंती. ज्यांच्या घरी सध्या असा आजारी माणूस आहे, त्यांनीही निःसंकोचपणे यावे. प्रश्न कोणताही असो, तो विचारण्यासाठी आवाज खाली आणण्याची गरज नाही.